एका छोट्या ध्वनिमुद्रिकेचा हिशेब : ‘स्लिम शेडी ईपी’, डेट्रॉईट, १९९७

डिसेंबर १९९७मध्ये अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात ‘वेब एंटरटेनमेंट’ नावाच्या एका अगदी लहान संगीत कंपनीने एमिनेम या स्थानिक रॅपरची ‘स्लिम शेडी ईपी’ ही छोटी ध्वनिमुद्रिका काढली (ईपी म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा लहान ध्वनिमुद्रिका). तिच्यामागे मोठा वितरक नव्हता आणि जाहिरातीसाठी पैसाही नव्हता. ओळखीच्या दुकानांतून आणि हातोहात जेवढ्या प्रती जातील तेवढ्या जातील, असा तो सारा व्यवहार होता. निव्वळ विक्रीकडे पाहिले तर ही ध्वनिमुद्रिका कोणाच्या खिजगणतीतही आली नसती. तरीही २३ फेब्रुवारी १९९९ रोजी, म्हणजे अवघ्या चौदा महिन्यांनी, तिच्यातील तीन गाणी पोटात घेऊन ‘द स्लिम शेडी एलपी’ हा अल्बम निघाला, तो बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या मुख्य यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे २,८३,००० प्रती खपल्या.

ही हकीकत बहुधा दैवाच्या खेळासारखी सांगितली जाते : एक गरीब पोरगा, एक कॅसेट, ती ऐकणारा एक मोठा माणूस, आणि पालटलेले नशीब. अशा सांगण्यात दोन प्रश्न मात्र बाजूला पडतात. त्याच कलाकाराचा, त्याच निर्मात्यांनी केलेला पूर्ण लांबीचा अल्बम वर्षभरापूर्वीच आला होता आणि कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. मग त्याहून लहान असलेल्या या ध्वनिमुद्रिकेने नेमके काय वेगळे केले? आणि ती यशस्वी झाली तेव्हा ते यश कागदोपत्री कोणाच्या मालकीचे होते? माझ्या मते या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ज्या कारणामुळे ही ध्वनिमुद्रिका विक्रीशिवाय पुढे गेली, त्याच कारणामुळे करार करायच्या वेळी कलाकाराच्या हातात फारसे काही उरले नाही.

पहिला अल्बम आणि त्याचे अपयश

एमिनेम, म्हणजे मार्शल मॅदर्स, १९७२ साली मिसूरी राज्यात जन्मला आणि डेट्रॉईट व त्याच्या उपनगरांत वाढला. शहराची उत्तर सीमा असलेला ‘एट माईल रोड’ हा तिथल्या कृष्णवर्णीय वस्ती आणि गोऱ्या उपनगरांमधील सामाजिक सीमाही मानला जातो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्याची ऊठबस होती असा हा गोरा तरुण ज्या कलेत नाव काढू पाहत होता, ती कला मात्र कृष्णवर्णीय तरुणांनी उभी केली होती आणि तिथे परक्याची परीक्षा कडक असे. वेस्ट सेव्हन माईल रोडवर ‘हिप हॉप शॉप’ नावाचे कपड्यांचे दुकान होते. शनिवारी तिथे रॅपरांच्या समोरासमोरच्या झुंजी लागत आणि प्रूफ हा रॅपर त्यांचे सूत्रसंचालन करी. प्रूफ हा एमिनेमचा जिवलग मित्र. या दुकानातल्या गर्दीसमोर एमिनेमने आपली जीभ परजली, हे पुढच्या घटना समजून घेताना ध्यानात ठेवायला हवे.

दुसरीकडे जेफ आणि मार्क बास या दोन भावांचा छोटा स्टुडिओ होता. मार्क बास यांनी एका रात्री स्थानिक रेडिओवर या मुलाचे रॅप ऐकले आणि त्याला बोलावून घेतले. बास बंधूंची निर्मिती संस्था एफ.बी.टी. प्रॉडक्शन्स, ‘वेब एंटरटेनमेंट’ हे त्यांच्याच ध्वनिमुद्रिकांवरचे नाव. १९९५ साली एफ.बी.टी.ने एमिनेमशी करार केला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणांचे अनन्य हक्क स्वतःकडे घेतले. स्टुडिओचा वेळ, वादन, मुद्रणाचा खर्च आणि प्रती काढण्याचा पैसा हे सगळे पुरवायचे आणि त्या बदल्यात हक्क घ्यायचे, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर १९९६मध्ये ‘इन्फिनिट’ हा पहिला अल्बम आला. त्याच्या साधारण हजारभर प्रती खपल्या, बऱ्याचशा स्वतः फिरून विकलेल्या. स्थानिक रेडिओने त्याची फारशी दखल घेतली नाही. ज्यांनी ऐकले त्यांचा अभिप्राय एकच पडला : हा मुलगा न्यूयॉर्कच्या नॅस आणि एझी या रॅपरांसारखा वाटतो. हा अभिप्राय अन्यायाचा नव्हता. आजही तो अल्बम ऐकला तर यमकांची वीण घट्ट आहे हे जाणवते. एका ओळीत तीन-चार ठिकाणी जुळणारे स्वर येतात, श्वास कुठे चुकत नाही. पण आवाज मधल्या पट्टीतला, स्वभाव आशावादी आणि समंजस, आणि ढंग सगळा उसना. कसब पुरेपूर होते, पण ते कोणाचे आहे हे ऐकणाऱ्याला कळत नव्हते. ज्या शहरात रेडिओवर न्यूयॉर्कचे खरे नॅस ऐकायला मिळत होते, तिथे त्यांची डेट्रॉईटमधली आवृत्ती कोण विकत घेणार?

नव्या पात्राची जुळणी

त्यानंतरचे वर्ष एमिनेमसाठी हलाखीचे होते. घरात लहान मुलगी होती. तो सेंट क्लेअर शोअर्स या उपनगरातील ‘गिल्बर्ट्स लॉज’ या हॉटेलात स्वयंपाकघरातली आणि भांडी विसळण्याची कामे करत होता. ते कामही मध्येच सुटले. ही माहिती केवळ करुणा उत्पन्न करण्यासाठी नव्हे, कारण ती थेट ध्वनिमुद्रिकेत उतरली आहे. ‘इफ आय हॅड’ या गाण्यात तो आपल्याला कशाकशाचा वीट आला आहे त्याची यादी वाचून दाखवतो : घरात फोन नसणे, प्लास्टिकच्या काट्याचमच्यांनी जेवणे, तासाला साडेपाच डॉलरपासून सुरू होणाऱ्या नोकऱ्या. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन ऑक्टोबर १९९६पासून ताशी ४.७५ डॉलर आणि सप्टेंबर १९९७पासून ५.१५ डॉलर होते. म्हणजे गाण्यातला आकडा यमकासाठी हवेतून काढलेला नाही. किमान वेतनाच्या जेमतेम वर असलेल्या माणसाचा तो पगार आहे. त्या काळातील लोकप्रिय रॅपमध्ये चैनीच्या गाड्या आणि महागडी मद्ये यांची वर्णने भरून वाहत होती. तेव्हा पगाराच्या पावतीवरचा इतका नेमका आकडा उच्चारणे, हेच वेगळे पडण्यासाठी पुरेसे होते.

पण या ध्वनिमुद्रिकेचा खरा शोध या गाण्यात नाही. प्रूफच्या पुढाकाराने डेट्रॉईटमधील काही रॅपर ‘डी ट्वेल्व्ह’ या गटात एकत्र आले होते आणि प्रत्येकाने आपले एक दुसरे, बेबंद रूप घ्यायचे, अशी प्रूफची कल्पना होती. एमिनेमने घेतलेले रूप म्हणजे स्लिम शेडी. (हे नाव आपल्याला शौचालयात बसलेले असताना सुचले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे, या पात्राचा एकंदर स्वभाव पाहता जन्मस्थान शोभून दिसते.) या पात्राचा आवाज नाकातला, वरच्या पट्टीतला, चिरका आणि चिडवणारा, बोलणे हिंसक, अश्लील, विनोदी आणि आत्मनिंदेने भरलेले. ‘इन्फिनिट’मधला मुलगा लोकांना आवडावे म्हणून धडपडत होता. स्लिम शेडीला कोणाचीच पर्वा नव्हती आणि त्याच्या एका गाण्याचे नावच हे एका शिवीसकट जाहीर करत होते.

निर्मात्यांच्या बाजूने पाहिले तर इथे एक शहाणा निर्णय दिसतो. पूर्ण अल्बमऐवजी छोटी ध्वनिमुद्रिका काढली. पूर्ण अल्बम म्हटला की विविधता दाखवावी लागते, एखादे प्रेमगीत, एखादे नाचाचे गाणे घालावे लागते, आणि त्यात पात्राची धार बोथट होते. या ईपीवर दहा तुकडे आहेत, पण नीट मोजले तर पूर्ण गाणी सहाच : ‘लो डाऊन, डर्टी’, ‘इफ आय हॅड’, शिवीच्या शीर्षकाचे ते गाणे, ‘जस्ट द टू ऑफ अस’, ‘नो वन्स इलर’ आणि ‘मर्डर, मर्डर’. बाकी प्रस्तावनेचा एक संवाद, मध्ये एक छोटा प्रवेश, आणि शेवटी दोन गाण्यांच्या शिव्या गाळलेल्या रेडिओसाठीच्या आवृत्त्या.

ही मांडणी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या संवादात एक विकृत केलेला घोगरा आवाज झोपलेल्या एमिनेमला उठवतो. तू तर मेला होतास, असे एमिनेम त्याला घाबरून म्हणतो, आणि तो आवाज आपण कोण हे सांगून त्याचा ताबा घेतो. मिनिटभरात ऐकणाऱ्याला कळते की गेल्या वर्षीचा गायक संपला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी उभा आहे. ज्याने ‘इन्फिनिट’ ऐकलाच नाही, त्यालाही पात्राची ओळख होते. ज्याने ऐकला आहे, त्याला मागच्या अपयशाचा निकाल कलाकाराच्याच तोंडून ऐकायला मिळतो. शेवटच्या दोन रेडिओ आवृत्त्यांचा हेतू वेगळा. त्या घरी ऐकणाऱ्यासाठी नाहीत. रेडिओच्या निवेदकाने कॅसेट हातात घेतल्यावर ‘हे वाजवता येणार नाही’ असे म्हणून बाजूला ठेवू नये, याची ती तजवीज आहे. म्हणजे ही वस्तू गिऱ्हाइकासाठी जितकी केलेली होती, तितकीच, किंबहुना जास्तच, या धंद्यातील दहा-वीस कानांसाठी केलेली होती.

मजकुराबद्दल इथेच बोलायला हवे, कारण ते टाळून केलेला अभ्यास अप्रामाणिक ठरेल. ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे गाणे एका ओळखीच्या, मवाळ प्रेमगीताच्या ध्रुवपदावर रचले आहे. त्यात एक बाप तान्ह्या मुलीशी लाडे लाडे बोलत गाडी चालवतो आहे आणि गाडीच्या डिकीत तिच्या आईचे प्रेत आहे. रचनेच्या दृष्टीने ते या ईपीतील सर्वांत कसलेले गाणे आहे : निवेदक एकही गोष्ट सरळ सांगत नाही, सगळे बाळाला दिलेल्या खोट्या उत्तरांतून कळते. आणि तेच सर्वांत घृणास्पदही आहे, कारण त्यातल्या स्त्रीला आवाजच नाही आणि ती कलाकाराच्या खऱ्या आयुष्यातल्या व्यक्तीवरून उभी केलेली आहे. ‘हे पात्र बोलते, मी नाही’ हा बचाव साहित्यात मान्य होतो. पण जिथे पात्र कलाकाराच्या घरच्यांची गोष्ट सांगते, तिथे तो बचाव निम्माच उरतो. या पात्राची किंमत पुढे न्यायालयातही मोजावी लागली. १९९९ साली खुद्द एमिनेमच्या आईने एक कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला. तो अखेर २५,००० डॉलरवर मिटला आणि वकिलांचे देणे भागवून तिच्या हाती जेमतेम सोळाशे डॉलर पडले.

कॅसेट कोणाच्या हाती पोचली

विक्रीचा मार्ग बंद होता, हे वर आलेच. अमेरिकेत १९९१पासून बिलबोर्डच्या याद्या साउंडस्कॅन या यंत्रणेच्या आधारे, म्हणजे दुकानांतील प्रत्यक्ष बिलांच्या मोजणीवरून ठरू लागल्या होत्या. हातोहात विकलेली कॅसेट या मोजणीत कुठेच येत नाही. तेव्हा मोठ्या कंपन्यांना आकडा दाखवून दार उघडण्याचा मार्ग या मंडळींना नव्हता. दुसरे दार शोधावे लागले, आणि ते होते झुंजींचे मैदान.

१९९७च्या उन्हाळ्यात सिनसिनाटी शहरातील ‘स्क्रिबल जॅम’ या झुंजीत एमिनेम अंतिम फेरीत पोचला आणि हरला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ‘रॅप ऑलिम्पिक्स’ झाले. तिथेही तो अंतिम फेरीत हरून दुसरा आला. पहिल्या क्रमांकाला ५०० डॉलर रोख आणि एक महागडे घड्याळ होते, आणि तेव्हाच्या त्याच्या परिस्थितीत ते पैसे फार मोठे होते. हरल्यावर तो पार खचून गेला, असे त्याच्या सोबतच्या लोकांनी सांगितले आहे. पण ज्याने मैदान मारले त्याच्या नावाची चर्चा बाहेर फारशी पोचली नाही. प्रेक्षकांत इंटरस्कोप या बड्या कंपनीतील एक कनिष्ठ कर्मचारी होता. त्याने हरलेल्याकडून कॅसेट मागून घेतली. तीच या ईपीतील गाण्यांची कॅसेट.

इथे छोट्या ध्वनिमुद्रिकेचा आकार अचानक कामाला आला. झुंजीत ऐकलेले हजरजबाबी रॅप क्षणाचे असते. ते ऐकून कोणी करार करत नाही, कारण हा माणूस गाणे बांधू शकतो की नाही ते त्यातून कळत नाही. उलट नुसती कॅसेट पाठवली तर ती टेबलावरच्या ढिगाऱ्यात जाते. झुंज पाहून उत्सुकता वाटलेल्या माणसाला लगेच, त्याच संध्याकाळी, अर्ध्या-पाऊण तासात ऐकून संपेल असे काही हातात देता आले, हे या प्रकरणातले खरे मर्म आहे. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमधील ‘वेक अप शो’ या रेडिओ कार्यक्रमात स्वे आणि किंग टेक या निवेदकांसमोर त्याने रॅप केले आणि ते ध्वनिमुद्रण रॅपच्या चाहत्यांमध्ये फिरले. मार्च १९९८मध्ये ‘द सोर्स’ या मासिकाच्या, करार न झालेल्या रॅपरांसाठीच्या सदरात त्याची निवड झाली, नोटोरियस बी.आय.जी. हे नाव मोठे होण्याआधी याच सदरात झळकले होते. म्हणजे वेगवेगळ्या तीन-चार वाटांनी एकच नाव एकाच वेळी धंद्यातल्या लोकांच्या कानावर पडत होते. त्यातली एकेक वाट किरकोळ होती. त्या एकत्र आल्या याचे श्रेय बऱ्याच अंशी पॉल रोझेनबर्ग या तरुण वकिलाच्या चिकाटीला जाते. तो पूर्वी स्वतः डेट्रॉईटमध्ये रॅप करी आणि आता एमिनेमचे व्यवहार पाहू लागला होता.

कॅसेट इंटरस्कोपचे प्रमुख जिमी आयोव्हिन यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती डॉ. ड्रे या नामांकित रॅप निर्मात्याला ऐकवली. आजवर आलेल्या डेमो कॅसेटींतून आपल्याला कधीच काही गवसले नव्हते, असे ड्रे यांनी नंतर सांगितले आहे. ही ऐकताच मात्र त्यांनी या मुलाला शोधून काढायला सांगितले. या प्रसंगाकडे कौतुकाने पाहताना ड्रे यांची तेव्हाची स्थितीही पाहावी. डेथ रो ही कंपनी सोडून त्यांनी १९९६ साली इंटरस्कोपच्या छत्राखाली आफ्टरमॅथ ही कंपनी काढली होती. तिचा पहिला संकलित अल्बम आणि ऑक्टोबर १९९७मध्ये आलेला ‘द फर्म’ या गटाचा अल्बम, दोन्ही अपेक्षेला उतरले नव्हते. इंटरस्कोपमध्ये त्यांच्या कंपनीबद्दल शंका घेतली जात होती. सर्वमान्य मार्गाने दोनदा ठेच खाल्लेला निर्माता काहीतरी विचित्र ऐकायला तयार होता. दोन वर्षे आधी, ड्रे यशाच्या शिखरावर असताना, हीच कॅसेट त्यांच्यापुढे आली असती तर तिचे काय झाले असते याची खात्री मला देता येणार नाही.

१९९८ साली आफ्टरमॅथशी करार झाला. ड्रे यांच्याबरोबरच्या पहिल्याच बैठकीत ‘माय नेम इज’ हे गाणे उभे राहिले. तरी ‘द स्लिम शेडी एलपी’ हा अल्बम ऐकताना एक गोष्ट लपत नाही : ड्रे यांच्या निर्मितीची गाणी तीनच आहेत, बाकीचा मोठा भाग बास बंधूंचा आणि एमिनेमचा आहे. ईपीमधील ‘इफ आय हॅड’ आणि शिवीच्या शीर्षकाचे गाणे त्यात आले. ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे ‘नाइन्टी सेव्हन बॉनी अँड क्लाइड’ असे नवे नाव घेऊन आले. पात्र तेच, आवाज तोच, निर्मातेही बहुतांशी तेच. फेब्रुवारी २०००मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. डेट्रॉईटच्या छोट्या स्टुडिओत जे ठरले होते त्याला मोठ्या कंपनीने रस्ता, पैसा आणि एक प्रवेशगीत दिले. गाभ्याला हात लावला नाही.

मालकीचा प्रश्न

आता कागदपत्रांकडे वळू. १९९८चा व्यवहार केवळ एमिनेम आणि आफ्टरमॅथ यांच्यात झालेला नव्हता. एमिनेमच्या ध्वनिमुद्रणांचे अनन्य हक्क १९९५पासून एफ.बी.टी.कडे होते, त्या संस्थेने त्याच्या ध्वनिमुद्रणसेवेचे हक्क आफ्टरमॅथकडे सोपवले आणि बदल्यात रॉयल्टीचा वाटा राखला. करारात दोन निराळी कलमे होती. विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांवर १२ ते २० टक्के रॉयल्टी; आणि मूळ मुद्रण दुसऱ्या कोणाला परवान्याने वापरायला दिले, तर त्यातून येणाऱ्या निव्वळ रकमेचा निम्मा हिस्सा. १९९८ साली दुसऱ्या कलमाला फारसे कोणी महत्त्व दिले नसावे. परवाना म्हणजे एखाद्या चित्रपटात गाणे वापरणे किंवा संकलित सीडीत घालणे, एवढाच त्याचा पसारा होता.

एप्रिल २००३मध्ये ॲपलचे आयट्यून्स दुकान उघडले आणि या कलमाला जीव आला. ९९ सेंटला गाणे उतरवून घेणे ही विक्री की परवाना? विक्री म्हटली तर १२ ते २० टक्के. परवाना म्हटला तर ॲपलकडून कंपनीला गाण्यामागे जे साधारण ७० सेंट येत, त्यातले ३५. एफ.बी.टी.ने २००७ साली दावा लावला. २००९मध्ये ज्यूरीने आफ्टरमॅथच्या बाजूने कौल दिला. परंतु ३ सप्टेंबर २०१० रोजी नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो उलटवला. आफ्टरमॅथने मुद्रणांची मालकी ॲपलला दिलेली नाही, वापराची परवानगी दिली आहे आणि वापरागणिक पैसे घेतले आहेत. सबब हा परवाना आहे, असे न्यायालयाने ठरवले. मार्च २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २०१२ साली पक्षकारांत तडजोड झाली. अशी दोन कलमे जुन्या करारांत असलेल्या अनेक कलाकारांनी या निकालाचा आधार घेऊन आपापल्या कंपन्यांना जाब विचारला.

या गाजलेल्या खटल्यात एमिनेम स्वतः पक्षकार नव्हता. दावा बास बंधूंच्या संस्थेचा होता. ज्याच्या आवाजावर वाद चालला तो न्यायालयाच्या बाहेर राहिला, कारण त्याने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क स्टुडिओच्या खर्चाच्या बदल्यात तेविसाव्या वर्षी आणि कोणी ओळखत नसताना देऊन टाकले होते. गाण्यांच्या रचनांच्या हक्कांतील मोठा भागही बास बंधूंशी संबंधित ‘एट माईल स्टाइल’ या प्रकाशनसंस्थेकडे आहे. तिने २०१९ साली स्पॉटिफायवर लावलेला दावा २०२४मध्ये फेटाळला गेला.

तुलनेसाठी त्याच काळातले एक उदाहरण घेता येईल. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मास्टर पी याने १९९६ साली प्रायॉरिटी या कंपनीशी केलेल्या वितरण करारात आपल्या मूळ मुद्रणांची मालकी स्वतःकडेच ठेवली. ते त्याला जमले, कारण कराराला बसण्यापूर्वी त्याच्यामागे काही वर्षांची स्वतंत्र विक्री होती. कॅलिफोर्नियात स्वतःचे रेकॉर्डचे दुकान चालवून कोणत्या वस्तीत काय खपते हे त्याने पाहिले होते. त्याला वितरक हवा होता, आश्रयदाता नको होता. ‘स्लिम शेडी ईपी’कडे नेमकी हीच गोष्ट नव्हती. तिने कान मिळवले, गिऱ्हाईक मिळवले नाही. दहा-वीस जाणकारांपर्यंत पोचून विक्रीचा टप्पा ओलांडून जाणे हे तिचे बळ होते. पण वाटाघाटीच्या टेबलावर जाणकारांची वाहवा मोजली जात नाही, तिथे खपाचा आकडा लागतो. तो नसल्यामुळे, आणि हक्क आधीच एफ.बी.टी.कडे गेलेले असल्यामुळे, १९९८मध्ये बोलणी झाली ती कलाकाराच्या सेवा एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची.

बास बंधूंना या गोष्टीत खलनायक करण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा असे मला वाटते. ‘इन्फिनिट’ बुडाल्यावर त्यांनी हात झटकले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी त्याच मुलावर दुसऱ्यांदा पैसा लावला, आणि मवाळ आवाज टाकून तो असा चिरका, शिवराळ बोलू लागला तेव्हा त्याला अडवले नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो १९९५च्या कराराच्या व्याप्तीवर घेता येईल. एका ध्वनिमुद्रिकेचा किंवा ठरावीक मुदतीचा हक्क घेणे आणि कलाकाराच्या सगळ्याच ध्वनिमुद्रणांचा घेणे, यांत फार अंतर आहे. पहिल्यात खर्च वसूल होऊन नफाही मिळाला असता. दुसऱ्यामुळे, ईपीच्या प्रती संपून गेल्यावरही बारा-पंधरा वर्षे, तिच्या आधी झालेल्या सहीचा हिशेब न्यायालयात चालू राहिला.